तुम्ही विचारलंत म्हणून: अंगावर का नाही पाजलं?

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. बाळाच्या दुधाचा डबा मागायला कोणी आलं की मी चार गोष्टी विचारते. बाळ किती दिवसांचं, लघवी किती वेळा करतं, वजन कधी केलं, डबा घ्यायला कोणी सांगितलं. काहींना याचा राग येतो. मग ओळखीतलं कोणीतरी म्हणतं, "तुम्ही तुमच्या मुलीला डब्यावरच वाढवलंत ना? मग आम्हाला का अडवता?" ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो, तेव्हा अंगणवाडीत मला बोलावतात. तिथे तोच प्रश्न उलट्या बाजूने येतो: "तुम्हाला तर सगळं माहीत होतं, मग अंगावर का नाही पाजलंत?" आजवर दोन्हीकडे "माझी तब्येत बरी नव्हती" एवढंच सांगत आले. आता नीट सांगते.

डबा माझ्या दुकानात मागच्या फळीवर असतो, समोर नाही. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पावडरीची जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू सगळं बंद झालं. २००३ च्या दुरुस्तीने तो फास आणखी आवळला. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही, आणि आईचं दूध सर्वांत उत्तम असं ठळक लिहावं लागतं. हा कायदा मला मनापासून पटतो. सत्तरच्या दशकात कंपन्यांनी गरीब देशांत नर्ससारखे कपडे घातलेल्या विक्रेत्या बाळंतिणींकडे पाठवल्या. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध आटायचं, पुढचा डबा परवडायचा नाही, मग पावडर कमी आणि पाणी जास्त. पाणीही कुठलं तरी. त्यात मुलं गेली. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर झाली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका.

हे सगळं लांबचं आहे असंही नाही. पावसाळ्यात ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणारं नळाचं पाणी कधी कधी गढूळ असतं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी ७० अंशांखाली जाण्याआधी ती कालवायची आणि मग निववून पाजायची. "डबा महिनाभर पुरवायचाय, एक माप कमी घातलं तर चालेल का?" असं मला काउंटरवर आजही विचारतात. म्हणून मी प्रश्न विचारते. मी डब्यावर मुलगी वाढवली याचा आणि याचा काही संबंध नाही.

मुलगी जुलैत झाली. बाळंतपणात मला रक्तस्राव फार झाला, रक्त चढवावं लागलं. वॉर्डातली सिस्टर मनापासून काम करणारी होती. दर दोन तासांनी यायची, बाळाचं डोकं धरून छातीला लावून द्यायची. चिकाचे थेंब येत होते. घरी सोडताना ती म्हणाली, "वरचं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येईल." बहुतेक आयांच्या बाबतीत ते खरंच असतं. पण जिचं इतकं रक्त गेलंय तिचं दूध उशिरा उतरू शकतं, कधी उतरतच नाही, हे माझ्या डिस्चार्ज कार्डावर कुठे नव्हतं आणि मला कोणी बोललंही नाही.

माहेरी आले. आईने मेथीची पेज केली, मावशी आळीवाचे लाडू घेऊन आली. बाहेर झोडपणारा पाऊस, वीज येऊन जाऊन. मुलगी झोपून असायची. छातीला लावली की दोन-तीनदा ओढायची आणि तोंड सोडून पुन्हा झोपायची. बघायला येणाऱ्या बायका म्हणत, "किती शांत मूल! भाग्य लागतं." दुपारी लंगोट बदलताना त्यावर विटकरी रंगाचा डाग दिसला. ओला नव्हता, विटेची भुकटी सांडावी तसा कोरडा. मावशी म्हणाली, उष्णता झालीय. मी वॉर्डात फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, "होतं असं. छातीला लावत राहा. डबा दिलात तर ओढायचंच सोडेल."

रात्रभर मी लावत राहिले. पहाटे तिला उठवायला पायाच्या तळव्यावर टिचकी मारली. तिने डोळे उघडले नाहीत. रडलीही नाही, नुसता चेहरा वाकडा केला. कंदिलाच्या उजेडात रंग कळत नव्हता, म्हणून टॉर्च धरला. कपाळ हळदीसारखं पिवळं. टाळूवर बोट ठेवलं तर खळगा लागला. ओठ कोरडे, आणि जीभ टाळ्याला चिकटलेली. मी करंगळीने सोडवली तेव्हा बोटाला ओल लागली नाही. नवऱ्याला फोन केला. तो पोचेपर्यंत आई देवासमोर बसून होती आणि मी मुलीला छातीला लावून बसले होते. दुसरं काय करायचं ते मला कोणी सांगितलंच नव्हतं.

बालरोगतज्ज्ञाने पहिल्यांदा तिला काट्यावर ठेवलं. जन्मावेळी २.९ किलो होती, आता २.४. बाळ पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांपुढे गेलं तर बघावं लागतं. हे त्याच्या कितीतरी पुढे होतं. दूध पोटात न गेल्याने अंगातलं पाणी आटून रक्तात सोडियम चढलं होतं. मी म्हटलं, भराभर सलाइन लावा. डॉक्टर म्हणाले, "भराभर दिलं तर मेंदूला सूज येईल, आकडी येईल. हे हळूच उतरवायला लागतं." थेंब मोजत सलाइन, काविळीसाठी लावलेल्या निळ्या दिव्याखाली पट्टी बांधलेले डोळे. मग नर्सने बोंडल्यात डब्याचं दूध घेतलं आणि ओठाच्या कडेने सोडलं. पहिला घोट बाहेर आला. दुसरा गेला. तिसऱ्या घोटाला गळ्यातून गटक असा आवाज झाला. तोवर इतके तास ती माझ्या छातीशी होती, पण तो आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. ती काय करत होती आणि काय करत नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

दूध वाढवायच्या गोळ्या घेतल्या, शतावरीचे दाणे खाल्ले, पंप लावून रात्री जागले. सासूबाईंनी कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात जाऊन कौल मागायला प्रसाद लावला, पाकळी उजवी पडली, त्यांना धीर आला. दूध आलंही थोडं. तिच्या पोटाला पुरेल एवढं कधी आलं नाही. पावसाळा संपता संपता मी पंप ठेवून दिला. "अजून थोडं सोसायचं होतं" असं ज्या बायका आजही सांगतात, त्यांना माझ्याकडे उत्तर नाही आणि मला द्यायचंही नाही.

मुलीला सर्दी झाली की "डब्याचं मूल ना" हे ऐकावं लागतं. जुलाब आणि कानाचा संसर्ग यांपासून आईचं दूध बाळाला सांभाळतं, यावर मला शंका नाही. बेलारूसमध्ये सतरा हजारांवर माता-बाळांचा अभ्यास झाला, त्यात स्तनपानाला आधार दिलेल्या गटात पोटाचे संसर्ग कमी झाले. पण त्याच अभ्यासात लठ्ठपणात आणि दम्यात फरक दिसला नाही. आणि एकाच घरातल्या अंगावर वाढलेल्या आणि न वाढलेल्या भावंडांची तुलना केली की मोठेपणीचे फरक बरेच पुसट होतात. भिंतीवरच्या तक्त्यात हे दुसरं वाक्य नसतं.

फार्मसीला असताना मी असा एक तक्ता रंगवला होता: दूध न येणारी आई नसतेच. तो तक्ता रंगवणाऱ्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, मी अजून भांडते. ती म्हणते, अपवादासाठी नियम सैल केलास तर त्याच फटीतून कंपन्या आत येतील. मी म्हणते, गोव्यात दहातल्या जवळपास चार बायका सिझेरियनने बाळंत होतात, त्यांचंही दूध उशिरा उतरू शकतं, त्यांना अपवाद म्हणायचं? ती म्हणते, उशीर म्हणजे अभाव नव्हे. मधल्या दिवसांत दुसऱ्या आईचं दूध द्या, मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ पासून आईच्या दुधाची बँक आहे. ते बरोबर आहे. मग माझ्या वॉर्डात कोणी तसं दूध मिळेल का असं विचारलं सुद्धा का नाही? इथे ती गप्प बसते, पण हरत नाही. कारण मला तिचा कायदाही हवा आहे. माझ्यासारखीच्या गोष्टी डबा विकायला किती सहज वापरता येतात, ते मला तिच्याहून चांगलं कळतं.

कुंडईच्या कारखान्यात कंत्राटावर असलेली एक मुलगी मध्यंतरी डबा घ्यायला आली. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून कायद्यात आहे, तिच्या ठेकेदाराने तिला दोन महिन्यांनी बोलावलं होतं. तिला अंगावर दूध भरपूर येत होतं. तिला मी चार प्रश्न विचारले नाहीत. हाताने दूध काढून कसं ठेवायचं ते सांगितलं, आणि डबाही दिला. तिला स्तनपान सप्ताहातलं भाषण ऐकवणाऱ्यांनी आधी तिच्या ठेकेदाराला ऐकवावं.

मुलगी वर्षाची झाल्यावर आम्ही देवळात तिचा तुळाभार केला. एका पारड्यात ती, दुसऱ्यात नारळ, सगळं घर भोवती. घरी सोडल्यानंतरच्या त्या दिवसांत तिला एकदा कोणी साध्या काट्यावर ठेवलं असतं तर ते सगळं टळलं असतं, असं मला वाटतं. दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आणि बाळंतीण नेमकी तेव्हाच घरी येते. मी अंगणवाडीत बोलते तेव्हा हेच मागते: तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन करा, आणि किती उतरलं तर कुठे न्यायचं ते आईला कागदावर लिहून द्या.

दुसऱ्या बाळाचंही विचारता, म्हणून सांगते. मुलगा अंगावर वाढला, मध्ये काही दिवस बोंडल्याने वरचंही दिलं. त्या वेळी रक्तस्राव झाला नाही, म्हणून दूध आलं असं डॉक्टर म्हणतात. सासूबाई म्हणतात, देवीने दिलं. मावशी आळिवाचं नाव घेते. माझ्या तक्त्यावाल्या मुलीचं म्हणणं, पहिल्या वेळीही आलं असतं, तूच घाबरलीस. तिला मी २.४ चा आकडा दाखवते. ती तो बघते आणि पुन्हा तेच म्हणते.