चौथा चरण चारच अक्षरांचा

जानेवारी लागला की आमच्या सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे, पाळणे उभे राहायला लागतात, रात्री मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजाचा सराव चालू होतो, आणि आमच्या गल्लीत त्याच दिवसांत अजून एक गडबड असायची, १२ जानेवारीच्या काव्यवाचनाची. मंडळानं ही तारीख कधी बदलली नाही. १९३१ साली ह्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या आपल्या चौघांना येरवड्यात फाशी दिली. त्यामुळं सकाळी चार हुतात्मा पुतळ्याला हार घालून यायचं आणि संध्याकाळी गणपतीचीच सतरंजी, गणपतीचाच माईक, आणि कविता. दुसऱ्या दिवशी भोगी असायची म्हणून बायका बाजरीचं पीठ, तीळ, भाज्या सगळं आटपून यायच्या आणि येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन यायच्या, कारण कार्यक्रम कधी संपेल ह्याचा काही भरोसा नसायचा.

सुरुवात ठरलेली, कुंजविहारींची कविता. कुंजविहारी आपल्या सोलापूरचेच. 'मनी धीर धरी, शोक आवरी जननी, भेटेन नऊ महिन्यांनी.' फाशी जाणारा पोरगा आईला सांगतोय, रडू नको, परत तुझ्याच पोटी येतो. मी लहान असताना मला ही फक्त जोशात म्हणायची कविता वाटायची, मूठ वळून वगैरे. मग एका वर्षी सर म्हणले (आमच्या मंडळाचे सर, मराठीचे, रिटायर झालेले, सगळी गल्ली त्यांना नुसतं सर म्हणायची), अरे ह्यात देशबिश नंतर बघा, आधी तो आकडा बघा. नऊ महिने. गावाला निघालेला मुलगा कसा सांगतो, सहा महिन्यांनी येतो, दिवाळीला येतो, तसा हा सांगतोय. आणि हा हिशोब फक्त आईलाच कळतो. सर एवढं बोलले आणि पुढं बसलेल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. त्या दिवसापासून मला ती कविता मूठ वळून म्हणता येत नाही.

सरांची पद्धतच अशी होती. कविता वाचून झाली की लगेच टाळ्या वाजवू द्यायचे नाहीत. कवीनं काय सांगितलं हे सगळ्यांना कळतंच, त्यानं काय सांगायचं टाळलं ते शोधा म्हणायचे. गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' आली की हटकून विचारायचे, आई कोणता शब्द वापरतीय? निजला. आजूबाजूचे लोक दुसरा शब्द बोललेत, आणि तिचं सगळं भांडण त्या दुसऱ्या शब्दाशी आहे, 'हे कोण बोलले बोला'. पोर गेलंय हे आपल्याला कळतं, आणि तिला अजून कळू द्यायचं नाही असं आपल्यालाच वाटायला लागतं. ना. वा. टिळकांची जखमी पाखराची कविता तर ते वाचायचेसुद्धा तुकडे करून. 'क्षणोक्षणी पडे, उठे, परि बळें, उडे बापडी.' सतरा अक्षरांचं पृथ्वी वृत्त, एरवी कसं ऐटीत चालतं, आणि टिळकांनी त्याचे बारके बारके तुकडे केलेत, पडे, थांब, उठे, थांब. पाखराला धाप लागलीय हे वेगळं लिहायची गरजच नाही, वाचणाऱ्यालाच धाप लागते. सर खरंच प्रत्येक स्वल्पविरामाला थांबायचे आणि आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो.

पण माझ्या मनात जी कायमची बसलीय ती अभंगाची संध्याकाळ.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, वारी घरातली, अभंग कानावर जन्मापासून, त्यामुळं त्यात शिकण्यासारखं काय असणार असं आम्हाला वाटायचं. सरांनी आम्हाला बोटाच्या पेरांवर अक्षरं मोजायला लावली. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. मग त्यांनी नामदेवांची ओळ म्हणली, ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली त्यावरची. 'नामा म्हणे आता लोपला दिनकर, बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ.' मधे एखादं अक्षर जास्त होतं, चालतं, गाताना ते सामावतं. पण शेवटी स-मा-धि-स्थ, मोजून चार. तीन वेळा सहाची सवय लागलेला कान अजून दोन अक्षरांची वाट बघत राहतो आणि ती येतच नाहीत. सर म्हणले, ही दोन पेरं रिकामी राहिली ना बाळांनो, माऊली तिथून गेलेत. मी आजही अभंग ऐकताना चौथ्या चरणाला अंगठा दोन रिकाम्या पेरांवरून फिरवते, आपोआप फिरतो.

माझे वडील गेले त्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःची कविता घेऊन उभी राहणार होते. वडील मिलमधे होते, मिल बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं. मी दोन पानी कविता लिहिली, त्यात काळोख होता, वेदना होती, अश्रूंचा महापूर होता, मोकळी कविता, ओळी कुठंही तोडलेल्या. आदल्या दिवशी सरांना दाखवायला गेले. त्यांनी पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि फार मायेनं विचारलं, बाळ, ह्यात तुझे वडील कुठं आहेत गं? त्यांचा डबा कुठं आहे? मला उत्तर देता येईना, मी तिथंच रडले, मला वाटतं वडील गेल्यावर पहिल्यांदा नीट रडले ते तेव्हा.

मग त्यांनी मला दोन कविता वाचायला दिल्या. एक बहिणाबाईंची, 'लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुंकू रेखा उघडी पडली.' नवरा गेला हे कुठंच म्हणलेलं नाही, फक्त कपाळावरची एक रेघ दाखवलीय. दुसरी इंदिरा संतांची, 'नको नको रे पावसा'. इंदिराबाईंचे यजमान १९४६ मधे गेले, हे माहिती असून ती कविता वाचा. बाई पावसाशी भांडतीय, दारातली सायली, नेसूचं जुनेर ह्यावरून, अगदी घरगुती भांडण, आणि मधेच एका दमात म्हणून जाते की वाटेवरल्या माझ्या सख्याला माघारी आण ना. एवढंच. एक बाई शाळेत न गेलेली, जात्यावर ओव्या रचणारी, दुसरी शिकवणारी, आणि दोघींनी धरलेली चाल बघा, आठ आठ अक्षरांची. मला वाटतं दुःख एवढं मोठं असलं की त्याला धरायला बारीक चिमटा लागतो, ही आठ अक्षरं म्हणजे तो चिमटा. मुक्तछंदात दुःख येत नाही असं मी म्हणत नाही हां, फार सुंदर येतं, पण त्यात कुठं थांबायचं ते आपलं आपल्याला कळावं लागतं आणि मला तेव्हा ते कळत नव्हतं.

रात्री मी दोन पानं फाडली आणि सहा ओळी लिहिल्या. मिलचा भोंगा, डबा, आणि भोंगा वाजायचा बंद झाल्यावरसुद्धा त्याच वेळेला उठून बसणारे बाबा. वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. मागून एक आजोबा, तेही मिलमधलेच, एवढंच म्हणले, पहिल्या पाळीला होता तो.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. कार्यक्रम चालू आहे, मी लग्न होऊन पुण्याला आले तरी १२ तारखेला जायचा प्रयत्न असतोच. गर्दी कमी झालीय हे खरं, अर्धी पोरं गड्ड्यावर असतात, पण जी येतात ती मनापासून येतात.

गेल्या वेळी पूर्व भागातली एक आठवी-नववीतली मुलगी आली होती, घरात तेलुगू बोलणारी, मराठी शाळेत शिकणारी. तिचे आजोबा यंत्रमागावर कामाला होते (मागात आडवं सूत नेतो तो धोटा), नुकतेच गेलेले. माईक तिच्या उंचीला खाली केला, तिनं वही उघडली आणि एका दमात म्हणली:

माग थांबलेला
धोटा निपचित
आजा गेला तरी
सूत आहे

पुढं काही नाही. सगळे थांबले, आता पुढची ओळ येईल म्हणून. आमच्यातल्या एका काकांनी प्रेमानंच सांगितलं, छान आहे गं, फक्त शेवटची ओळ कमी पडतीय बघ, अजून एक शब्द घाल.

तिनं वहीत बघितलं, बोटावर मोजलं आणि म्हणली, नाही काका, ते तसंच ठेवायचंय.