मुकुट की काठी

८ सप्टेंबर २०२२. संध्याकाळी पाचच्या सुमारास बकिंगहॅम पॅलेसचं छोटंसं निवेदन आलं. राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या प्रकृतीची डॉक्टरांना काळजी वाटते, त्या स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल वाड्यातच देखरेखीखाली आहेत. राजवाडा तब्येतीबद्दल सहसा असं बोलत नाही, त्यामुळे आमच्या वृत्तपत्राचं पहिलं पान बदलणार हे डेस्कवर सगळ्यांनी ओळखलं. मृत्युलेख तयारच होता. फोटो ठरायचा होता, आणि ते काम माझं.

रात्री अकराला, म्हणजे लंडनच्या साडेसहाला, निधनाची बातमी आली. पान छपाईला सोडायला फार वेळ नव्हता.

माझ्यासमोर दोन फोटो होते. एक १९५३ चा, राज्याभिषेकाचा, सेसिल बीटन यांनी टिपलेला. डोक्यावर मुकुट, हातात राजदंड, मागे वेस्टमिन्स्टर ॲबी, म्हणजे राज्याभिषेक झाला ते चर्च. खरं तर ती ॲबी नव्हेच, राजवाड्यात टांगलेला रंगवलेला पडदा आहे. दुसरा अवघ्या दोन दिवसांपूर्वीचा, जेन बार्लो यांचा. लिझ ट्रस यांची पंतप्रधानपदी नेमणूक करताना राणी हात मिळवताहेत. अंगात राखाडी कार्डिगन, चौकड्यांचा स्कर्ट, हातात काठी, मागे पेटती शेकोटी. हा समारंभ एरवी बकिंगहॅम पॅलेसमध्ये होतो, पण त्यांना प्रवास झेपत नव्हता म्हणून नव्या पंतप्रधानांना स्कॉटलंड गाठावं लागलं.

फोटो मोठा करून पाहिला. उजव्या हाताच्या पाठीवर काळानिळा डाग होता.

वृत्तसंपादक म्हणाले, "मुकुटाचाच लावा. राणी म्हटल्यावर वाचकाला तेच दिसायला हवं."

"सर, शेवटचं काम करतानाचा फोटो आहे हा. पंधरावी पंतप्रधान नेमली त्यांनी."

"मेलेल्या माणसाचा सुजलेला हात पहिल्या पानावर? बरं दिसत नाही."

त्यांचं म्हणणं मला अगदीच चूक वाटलं नाही. पण त्या बाई चारचौघांत आयुष्यभर हातमोजे घालून वावरल्या. त्या दिवशी मोजे नव्हते आणि समोर कॅमेरा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या एलिझाबेथची गोष्ट वेगळी. साठी उलटल्यावर काढलेल्या तिच्या 'रेनबो पोर्ट्रेट'मध्येही चेहरा तरुणीचाच आहे. राणी म्हातारी दिसली की वारस कोण हा प्रश्न पुढे येणार, म्हणून चित्रकार वय पुसायचे. चित्रकाराला ते चालून जातं. आम्ही बातमी देतो. सत्तर वर्षं राज्य केलेल्या बाईला शेवटच्या बातमीत पंचविशीतली कशी दाखवायची?

सरांनी मधला मार्ग काढला. मुकुटाचा फोटो वर, चार कॉलम. खाली एका कॉलमात शेवटचा.

एक कॉलम म्हटल्यावर पान लावणाऱ्या मुलाने फोटो कापून नुसता चेहरा ठेवला. ट्रस गेल्या, काठी गेली, हातही गेला. उरली एक हसरी आजी. मी म्हटलं, "अरे, मग हा फोटो लावायचाच कशाला? फोटोची सगळी बातमी त्या हातात आहे."

"ताई, दोन कॉलम लागतील. मजकूर कापावा लागेल."

मृत्युलेखातला लग्नाचा परिच्छेद मीच लिहिला होता, गेल्या वर्षी, निवांतपणे. तो काढला. तरी तीन ओळी जास्त होत होत्या, म्हणून घोड्यांची आवडही गेली. सरांनी प्रूफवर नजर फिरवली, डागापाशी क्षणभर थांबले आणि सही केली.