सरवा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला वरचेवर येतो. गल्लीत भजनाला येणाऱ्या सुना विचारतात, लेकीच्या पुण्याच्या मैत्रिणी सुट्टीत आल्या की विचारतात : "काकू, तुमचे गुरू कोण? रोज किती माळा ओढता? देवळात फारशा दिसत नाही, वारीलाही कधी गेला नाहीत, मग हे समाधान येतं कुठून?" दर वेळी मी "कुठलं काय गं" म्हणून चहा ठेवायला उठते. दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते उत्तर नाही. आज बसून सांगते.

माझं माहेर चिकोडी तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, अंकलीपासून जवळच. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे जे अश्व चालतात ते अंकलीच्या शितोळे सरकारांचे. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, तेव्हापासूनचा हा मान. ज्येष्ठात अश्व पायी आळंदीला निघतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, आणि दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माउली बसतात. लहानपणी आईचा हात धरून मी ते बघायला जायची. मोकळ्या पाठीचा घोडा समोरून गेला की आई खाली वाकायची, टापेखालची चिमूटभर माती कपाळाला लावायची, थोडी माझ्या कपाळाला, आणि म्हणायची, "चल, जनावरांच्या धारा राहिल्यात." तिला पंढरपूर कधी घडलं नाही. बैल, सासू, आम्ही पाच पोरं. मला तेव्हा तिची फार कीव यायची. वारी आपल्या दारावरनं निघते आणि ही माती लावून घरी जाते, असं वाटायचं. त्या चिमटीत काय होतं ते कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

लग्न होऊन मी बेळगावच्या दक्षिणेकडच्या भाताच्या शिवारात आले. आमच्याकडं रोहिणी नक्षत्राच्या आसपास धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी होते, कार्तिकाच्या सुमारास कापणी, आणि भात निघालं की त्याच ओलीवर मसूर. शिवारात बासमती पोटरीतून बाहेर पडून फुलोऱ्यात आला की संध्याकाळी बांधावरनं चालताना असा वास येतो की पाय आपोआप हळू पडतात. मी अनेक वर्षं त्या वासातून भरभर चालत घरी आलेय. डोक्यात पोतीच मोजत असायची. यंदा किती निघतील, भाव काय लागेल.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाऊस थांबेना. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं आणि दिवसेंदिवस हललं नाही. भात पाण्यातलं पीक खरं, पण शेंड्यासकट इतके दिवस बुडून राहिलं की कुजतं. पाणी ओसरल्यावर शेतात नुसता चिखलाचा राप आणि कुबट वास. बांधालगतचा थोडा उंच तुकडा तेवढा वाचला. घरचे बोलेनासे झाले. मी देवाशी बोलायची सोडून दिली.

सुगीला त्या तुकड्याची कापणी अर्ध्या दिवसात आटोपली. पेंढ्या खळ्यावर गेल्या आणि मी मागे राहून सरवा वेचायला लागले. शहरातल्या मुलींसाठी सांगते, कापून, बांधून, उचलून झाल्यावर शेतात ज्या लोंब्या पडून राहतात, तो सरवा. सासूबाईंच्या काळात आमच्या शेतात ज्यांना जमीन नाही अशा बाया सरव्याला यायच्या आणि त्यांना कुणी अडवायचं नाही. शेतमालकिणीनं स्वतः सरवा वेचणं बरं दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या वर्षी मी वेचला, आणि भक्तीनं नाही, रागानं. एक दाणा सोडणार नाही, या ईर्ष्येनं.

कमरेत वाकून तासभर गेला असेल. एक लोंबी चिखलात अर्धी रुतलेली. ओढली तर दाणे झडतील म्हणून मी खाली बसले, बोटानं माती उकरून ती सोडवली, पदराला पुसली. उन्हात धरली. सोनेरी टरफल, त्यावर बारीक उभ्या रेघा, टोकाला इवलंसं कूस, आणि प्रत्येक दाणा आपल्या देठाला तोलून धरलेला. का कुणास ठाऊक, मी दाणे मोजायला लागले. एकशे बारा भरले. शिवाय हे एका लोंबीचे, आणि एका दाण्यातून किती फुटवे निघतात! एवढ्या पाण्यातून, एवढ्या चिखलातून ही एकशे बारा दाणे घेऊन उभी राहिली होती आणि मी तिला रागानं उपटायला निघाले होते. मला रडू फुटलं. दुःखाचं तर होतंच, पण त्या रडण्यात दुसरंही काही होतं. छातीवरचा दगड कुणीतरी जरा सरकवावा तसं.

तेवढ्यात बांधावरनं शेजारच्या शेतातल्या अव्वा आल्या. आमच्याकडं बांधाच्या या बाजूला मराठी, त्या बाजूला कन्नड, असं सहज असतं. अव्वा माझ्याशी दोन्ही मिसळून बोलतात.

"काय करालीस गं एकटीच?"

"सरवा वेचालोय, अव्वा."

त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आयदक्की." आय्द म्हणजे वेचलेला, अक्की म्हणजे तांदूळ. मग त्यांनी लक्कम्माची गोष्ट सांगितली. बाराव्या शतकात, बसवण्णांच्या म्हणजे महात्मा बसवेश्वरांच्या कल्याण नगरीत, मारय्या नावाचा शरण, म्हणजे त्यांच्या पंथातला शिवभक्त, अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. त्यावर तो आणि बायको लक्कम्मा घरी येणाऱ्या जंगमांना, फिरत्या शिवभक्त साधूंना, जेवू घालायचे. म्हणून दोघांचं नावच आयदक्की पडलं. एक दिवस मारय्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मा म्हणाली, हाव राजाला शोभते, शिवभक्ताला कशाला हवी, जास्तीचे परत टाकून या. तिचं हे वचन अव्वांना पाठ आहे. शरणांच्या कानडी रचनांना वचन म्हणतात. 'कायकवे कैलास' हे पुष्कळांना बसवण्णांचं वाटतं, पण ते मारय्याच्या वचनातलं, हेही अव्वांनीच मला सांगितलं. तांदूळ वेचणारा माणूस आपलं काम म्हणजेच कैलास असं म्हणतो, तेव्हा ते कुठं उभं राहून म्हणतो ते बघ, म्हणाल्या. वाकून म्हणतो.

मला त्या क्षणी आई दिसली. टापेखालची माती उचलायला वाकलेली.

तर माझे गुरू कोण, याचं उत्तर हे असं आहे. न शिकलेली आई, आठशे वर्षांपूर्वीची एक कानडी बाई, आणि चिखलातली एक लोंबी. तेव्हापासून मी दिवसाचाही सरवा वेचते. मोठं पीक हातचं जातंच कधी कधी. पण सांजवात लावताना आठवून बघितलं तर मागे काहीतरी पडलेलं असतं. बाजारात भाजीवाली कानडीत भाव सांगते, मी मराठीत घासाघीस करते आणि शेवटी ती चार मिरच्या जास्त टाकते. खानापूरच्या बसमध्ये आपली बास्केट मांडीवर घेऊन एखादी अनोळखी पोर मला खिडकी देते. मसुराच्या कोवळ्या पाल्यावर सकाळचं दव असतं. यातलं एकही मी घडवलेलं नसतं. आयतं सांडलेलं असतं आणि मला दिसतं. त्या वेळी जे वाटतं, त्यालाच मी देव म्हणते. दुसरा शब्द मला येत नाही.

एक मात्र मनापासून सांगते. याने दुःख टळत नाही. त्या वर्षीचं कर्ज फेडायला आम्हाला पुढच्या दोन सुग्या लागल्या आणि कितीतरी रात्री झोप नव्हती. वाईट झालेल्याला चांगलं म्हणा, असं कुणी मला शिकवायला आलं तर मी ऐकणार नाही. कुजलेलं भात कुजलेलंच होतं. पण ती लोंबीही होती, आणि दोन्ही एकाच शेतात होतं.

अव्वांना आता फारसं दिसत नाही. यंदाही कापणीनंतर मी सरवा वेचून त्यांच्याकडं गेले. ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी लोंब्या हातात घेतल्या, बोटांनी एकेक चाचपली, नाकाशी धरली.

"किती आणलीस?"

"एक जुडी होईल एवढ्याच."

"साकु," म्हणाल्या. पुरे.

मग त्यांच्या नातीनं स्टूल आणलं आणि मी ती जुडी चिमण्यांसाठी दाराच्या वळचणीला बांधली.