उनोच्या एसरॅममधून किल्ली काढताना

अर्डुइनो उनो बोर्डावरच्या एटीमेगा328पी चिपमध्ये 2 केबी एसरॅम, म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी स्मृती, असते. वीज येताच तिचा प्रत्येक सेल 0 किंवा 1 कडे कलतो. सेलमधले ट्रान्झिस्टर घडतानाच किंचित असमान निघालेले असतात, त्यावर हा कल ठरतो. तो ठरवून पुन्हा घडवणं चिप बनवणाऱ्यालाही जमत नाही. हाच चिपचा अंगठा, म्हणजे पफ (नक्कल न करता येणारी भौतिक खूण). त्यातूनच मला माहिती कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली काढायची होती.

आधी बूटलोडर (चिप सुरू होताच चालणारा छोटा प्रोग्राम) काढावा लागला, कारण तो आपल्याआधी रॅममध्ये लिहितो. थेट चिपमध्ये लिहिणाऱ्या आयएसपी प्रोग्रामरने कोड भरला, हाय फ्यूज (चिप कुठून सुरू व्हावी हे ठरवणारी सेटिंग) हेक्समधल्या डीईवरून डीएफ केला आणि 1,536 बाइटांचा अ‍ॅरे नोइनिट (सुरुवातीला न पुसल्या जाणाऱ्या) विभागात ठेवला, नाहीतर स्टार्टअप कोड तो शून्य करतो.

मग सगळी वाचनं हुबेहूब सारखी आली. इतकं छान दिसलं की संशयच घ्यावा! खऱ्या पफमध्ये थोडा गोंगाट, म्हणजे दर वेळी काही बिटांची उलटापालट, असतोच. रिसेट बटणाने रॅम पुसली जात नाही, हे माहीत होतं. पण पुरवठा तोडूनही चिप जिवंत होती. सीरियल अडॅप्टरची तार आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनच्या संरक्षक डायोडमधून तिला वीज पुरवत होती. तीही तोडली, उरलेली वीज निचरायला व्हीसीसी (पुरवठ्याची पिन) आणि ग्राउंडमध्ये 1 किलोओहमचा रोध लावला, दोन वाचनांत 10 सेकंद थांबलो. थंडीत याहून जास्त थांबावं.

गोंगाट आवरणं त्यामानाने सोपं. 21 वाचनांच्या बहुमताने प्रत्येक बिटाचं संदर्भ-मूल्य ठरवलं. बिटमागे 10% चूक धरली, तर नुसत्या पाचपट पुनरावृत्तीने 128 बिटांची किल्ली तीनपैकी दोन वेळा चुकते. त्यावर 24 बिटांचा गोले कोड (12 बिटांना 12 तपासणी-बिट जोडून तीन चुकांपर्यंत दुरुस्त करणारा) चढवला की ते प्रमाण साधारण 1,800 त एक होतं. 128 बिट 12-12 च्या गटांत बसवायला 132 करावे लागतात आणि त्यांसाठी 1,320 बिट खर्ची पडतात.

खरी मेख कलाच्या एकांगीपणात आहे. 60% बिट 1 असतील, तर किमान एन्ट्रॉपी (न ओळखता येणारी माहिती) बिटमागे 0.737, म्हणजे एकूण सुमारे 973. उघडा ठेवायचा मदत-डेटा (पुढच्या वेळी चुका दुरुस्त करायला लागणारी माहिती) मात्र त्यातले 1,188 बिटांपर्यंत गुपित फोडू शकतो. किल्ली रोज बिनचूक येईल, पण गुप्ततेची हमी शून्य. म्हणून आधी बिटांच्या जोड्या लावल्या. 01 आणि 10 ठेवून त्यांचा पहिला बिट घेतला, 00 आणि 11 टाकले. 2,750 च्या आसपास जोड्या तपासाव्या लागतात. कोणत्या ठेवल्या त्याची खूण 344 बाइटांत मावते. मदत-डेटाचे 165 धरूनही वीज गेली तरी टिकणाऱ्या 1 केबी ईईप्रॉममध्ये जागा उरते. ही निवड नोंदणीच्या, म्हणजे किल्ली पहिल्यांदा ठरवण्याच्या, वेळी एकदाच करावी. दर वेळी नव्याने केली तर गोंगाटाने जोड्या सरकतात आणि पुढचं सगळं बिघडतं.

किल्ली निघाली की त्या सेलमध्ये सुरुवातीच्या मूल्याच्या उलट बिट लिहून ठेवतो. तेच मूल्य धरून बसलेला सेल वर्षानुवर्षांच्या झिजेने दुसरीकडे कलू लागतो.