दुसरा विस्तव

बुधवार, रात्री उशिरा

ईस्टर, येशू मरणातून उठल्याचा सण, होऊन दहा दिवस झाले. वेदीवरची फुलं वाळली असतील. घरातलं मात्र जे जसं होतं ते तसंच होतं, आज संध्याकाळपर्यंत.

यंदाच्या प्रवचनातही पुनरुत्थान, म्हणजे मरणातून उठणं, समजावायला फुलपाखरू आलंच. सुरवंट, कोश, पंख. मला हे उदाहरण कधीच पटलं नाही. कोशातला सुरवंट मेलेला नसतो, येशू मेला होता. पहिल्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या पौलाने बियाणाचं उदाहरण घेतलं, तिथे निदान पेरलेलं आधी मरतं असं तो स्पष्ट म्हणतो. फुलपाखरू ऐकलं की वाटतं, मरणाला वळसा घालून सगळं गोड करून टाकायची आपल्याला घाई झाली आहे. असो.

दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, मी ‘देहाचे पुनरुत्थान’ म्हणते. आत्म्याचं नव्हे, आठवणींचं नव्हे, देहाचं. हे शब्द तोंडात इतके बसलेत की मन दुसरीकडे असलं तरी जीभ चुकत नाही. गेले सात महिने ते म्हणताना माझं मन बहुतेक वेळा दादाकडे असायचं.

आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी त्याला म्हणाले होते, "तू येतोस ते आईला बघायला नाही, औषधांची बिलं बघायला." तो काही बोलला नाही. खुर्ची मागे सारली आणि निघून गेला. अंत्यविधीला आम्ही शेजारी शेजारी उभे होतो, पण बोललो नाही. त्यानंतर ती खुर्ची मी टेबलापासून उचलून भिंतीला लावून ठेवली. तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी साठत गेली.

या आठवड्यात योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचत होते, येशू उठल्यानंतर शिष्यांना किनाऱ्यावर भेटतो तो. शिष्यांच्या जाळ्यातले १५३ मासे सगळ्यांना आठवतात. मी मात्र या वेळी कोळशाच्या विस्तवापाशी अडकले. शिष्य किनाऱ्याला लागतात तर येशूने विस्तव पेटवून ठेवलेला, वर मासळी, शेजारी भाकर. नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द आहे तो दोनदाच येतो, आणि दोन्हीदा योहानाच्याच शुभवर्तमानात. पहिल्यांदा येशूला अटक झाली त्या रात्री, प्रमुख याजकाच्या अंगणात. थंडी होती, चाकरांनी विस्तव केला होता, येशूचा शिष्य पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता, आणि तिथेच तीनदा ‘मी नाही त्यातला’ म्हणाला.

म्हणजे येशूने त्याला पुन्हा त्याच वासापाशी आणून बसवलं. त्या रात्रीचं नाव काढलं नाही, जाबही विचारला नाही. आधी खाऊ घातलं, आणि मग तीनदा एकच प्रश्न, माझ्यावर प्रेम करतोस का. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झालं, असं योहान नोंदवून ठेवतो. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, पण थांबले कधी नव्हते. उठलेल्या प्रभूशी बोलतानाही दुखतं. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवायला येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होतेच की. पुनरुत्थानाने ते पुसले नाहीत.

मला आजवर वाटायचं, रोजच्या जगण्यात पुनरुत्थान म्हणजे नवी पाटी. जुनं गेलं, आता पुढे बघा. पण पेत्राला कोरी पाटी मिळाली नाही, त्याला मिळाला दुसरा विस्तव. जिथे तो पडला तिथेच उठून उभं राहायचं होतं, दुसऱ्या एखाद्या सोयीच्या जागी नव्हे.

पौलाचंही तसंच. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सगळा पुनरुत्थानावर, शेवटचा कर्णा, मरणाची नांगी, सगळं आभाळाएवढं. आणि सोळावा उघडतो तो थेट वर्गणीवर. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने काही बाजूला काढून ठेवावं. पूर्वी मला हे विरस करणारं वाटायचं. आता वाटतं, हा माणूस खरंच विश्वास ठेवत होता, म्हणून त्याला लगेच पैशांचं बोलता आलं.

रविवारी दुपारी दादाला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. तो "हॅलो" म्हणाला आणि कागदावरचं एकही वाक्य मला वाचता आलं नाही. "बुधवारी येतोस का?" एवढंच विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "सहापर्यंत येतो."

आज पाच वाजता रद्दी उचलली, खुर्ची पुसली आणि टेबलाशी त्याच जागी ठेवली. बाहेरच्या खोलीत बसवणं सोपं होतं, खरं सांगायचं तर तो मोह झालाच होता.

तो आला. खुर्ची बघून क्षणभर दारातच थांबला, मग बसला. मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी इथे मी जे बोलले..." तो म्हणाला, "बिलं मी बघायचो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं."

नंतर आम्ही चहा घेतला. फार बोलणं झालं नाही. मधेच जुना राग माझ्या घशाशी आला, मी तो चहाबरोबर गिळला, पूर्ण उतरला असं म्हणणार नाही. उठताना त्याने विचारलं, "आईचा चष्मा ठेवलायस का?" मी ड्रॉवरमधून काढून दिला. एक काडी दोऱ्याने बांधलेली. दोरा त्यानेच बांधला होता, मला माहीत नव्हतं. त्याने शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, उजेडात धरून पाहिल्या, पुन्हा पुसल्या.

पुढच्या बुधवारी येतो म्हणाला.