तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटोमॅटिक पिकअपचं ऑइल मी घरीच का बदलतो

"काकानू, गिअरबॉक्सचा तेल तुम्ही घराकडेच कित्याक बदलतास? ता तर लाइफटाइम आसा म्हणतत."

देवगड भागात ऑटोमॅटिक पिकअप अजून मोजक्याच आहेत, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. बागेत येणारे विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, परवा एका बारशातही विचारलं. उभ्याउभ्या नीट सांगून होत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

मी ऑटोमॅटिक घेतली ती डाव्या गुडघ्यासाठी. ऑपरेशननंतर फोंडा घाटात क्लच दाबून दाबून पाय सुजायचा. गाडी जुनीच घेतली. ती आल्यावर शहरातल्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल बदलून घेतलं. त्यांनी गरम गाडीचं तेल सोडलं, अंदाजाने नवं भरलं आणि चावी हातात दिली. पाचव्या दिवशी आंब्याचे क्रेट भरून कोल्हापूरला निघालो. घाटाच्या एका चढ्या वळणावर इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी जागची हलेना. मागे एसटी उभी, हौद्यात साठ क्रेट, बाजूला दरी. दहा मिनिटं थांबल्यावर गाडीने पुन्हा ओढ घेतली. घरी येऊन मोजलं तर तेल जवळजवळ दीड लिटर कमी होतं. सपाटीवर तेवढ्यात भागत होतं. चढावर तेल चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्याच्या, मागच्या बाजूला सरकलं, पंपाने तेलाऐवजी हवा ओढली, गिअर धरून ठेवणाऱ्या आतल्या क्लचना दाब मिळेना. त्या दिवशी ठरवलं की हे काम शिकायचं आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर करायचं.

आता लाइफटाइमचं, म्हणजे हे तेल कधी बदलावंच लागत नाही या म्हणण्याचं. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात कठीण वापरासाठी देखभालीचं वेगळं कोष्टक असतं. जड ओझं, घाट, धूळ, कमी वेगात जास्त वेळ चालवणं, असं त्यात लिहिलेलं असतं. ते वाचलं की आपल्या आंबा हंगामाचंच वर्णन वाटतं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलाने भरलेला डबा असतो. इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल फेकतो, त्या माऱ्याने पलीकडचा पंखा फिरतो. ओझं घेऊन घाट चढताना या दोन पंख्यांच्या वेगात मोठा फरक पडतो आणि त्या फरकाची सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. तेच तेल क्लचना दाब देतं, दात्यांना वंगण देतं, आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेतं आणि क्लचच्या पट्ट्या किती घसराव्यात, कधी घट्ट धराव्यात हेही ठरवतं. इतकी कामं करणारं तेल जन्मभर पुरेल, हे मला पटत नाही. मी 60,000 किलोमीटरला बदलतो.

या घसरण्या-धरण्याच्या गुणासाठी एके काळी अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेलचं, म्हणजे देवमाशाचं तेल मिसळत. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे त्यावर बंदी आली आणि तेलवाल्यांना नवी रसायनं शोधावी लागली. आमच्या किनाऱ्यावर देवमासा वाहून आला की अख्खं गाव बघायला लोटतं, म्हणून ही गोष्ट मला विसरता येत नाही. तात्पर्य एवढंच की हे साधं गिअर ऑइल नाही. पुस्तकात ज्या प्रतीचं नाव असेल तेच घ्यायचं. "ह्या पण लालच आसा" म्हणून दुकानदार दुसरा डबा पुढे करतो, तो परत करायचा. लाल रंग हा नुसता ओळखीसाठी घातलेला असतो. आणि तुमची ऑटोमॅटिक जर एएमटी (साध्या गिअरबॉक्सचा क्लच यंत्राने दाबणारी) किंवा सीव्हीटी (दात्यांऐवजी पट्ट्यावर चालणारी) असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही, त्यांची तेलं आणि पद्धती वेगळ्या.

गाडी उभी कुठे करायची, इथपासून काळजी हवी. आमच्या गाडीला डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, नाही. तेलाची पातळी चेंबरच्या खालच्या ओव्हरफ्लो प्लगमधून, म्हणजे जास्तीचं तेल जिथून बाहेर पडतं तिथून, बघायची असते, त्यासाठी गाडी पाण्यासारखी सपाट हवी. कोकणातलं खळं कितीही चोपलं तरी उताराचंच, पावसाचं पाणी जायला हवं म्हणून. मी चारही बाजूंना जॅक स्टॅण्ड लावतो आणि गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी धरून पुढची-मागची उंची जुळवतो. आणि एक हात जोडून सांगतो, चिऱ्यांवर गाडी टेकवू नका. चिरा भिंतीत वर्षानुवर्षं उभा राहतो, पण एका टोकावर दोन टनांच्या गाडीचा भार आला की तो न सांगता फुटतो. खाली माणूस झोपलेला असतो.

मग पहिला नियम: तेल सोडायच्या बोल्टला हात लावण्याआधी तेल भरायचा प्लग उघडून बघायचा. समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, खारं वारं सगळ्या लोखंडाला खातं. पहिल्या वेळी माझा भरायचा प्लग असा धरला होता की प्लग कुठे संपतो आणि केसिंग कुठे सुरू होतं ते कळेना. आधीच तेल सोडून बसलो असतो तर गाडी तिथेच अडकली असती. आता आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने गंज काढतो, गंज सोडवणारं तेल मारतो, रात्रभर मुरू देतो. सकाळी सहा कोनी गोटी पाना पूर्ण बसवून, आधी हलकेच घट्ट करायच्या बाजूला एक झटका, मग उलटा. बारा कोनी पाना वापरू नका, कोपरे गोल झाले की काम वेल्डिंगवाल्याकडे जातं. उघडण्याआधी प्लगभोवतीची माती पुसून काढायची, तिचा एक कणही आत जाता कामा नये.

तेल सोडताना ते स्वच्छ मोजपात्रात घ्यायचं, घमेल्यात नको. पांढऱ्या फडक्यावर दोन थेंब घेऊन उजेडात बघायचे. कोकमाच्या आगळासारखं लाल आणि पारदर्शक दिसलं तर उत्तम. काळपट दिसलं आणि करपलेल्या वाटणासारखा वास आला तर क्लच जळतायत. आणि सोलकढीसारखं गुलाबी-दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, तिथेच थांबा, गाडी चालू करू नका. गरम गिअरबॉक्स व्हाळाच्या पाण्यात उतरला की थंड होताना आतली हवा आकसते आणि ब्रीदर नळीचं (हवा आत-बाहेर जायच्या नळीचं) तोंड पाण्याखाली असेल तर तो तिथून पाणी ओढतो. क्लचच्या पट्ट्यांवरचं अस्तर कागदासारखं असतं, डिंकाने चिकटवलेलं, ते पाण्याने सुटतं. 2021च्या जुलैमध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर हे मी भेटेल त्या गाडीवाल्याला सांगत आलोय: बुडालेली ऑटोमॅटिक चावी फिरवून बघायची नसते.

चेंबर उतरवलं तर तळाशी छोटी लोहचुंबकं दिसतील. त्यांच्यावर करड्या रंगाचा, बोटाला काजळासारखा लागणारा लेप असतो. तो झिजेचा आहे, घाबरायचं कारण नाही, पुसून परत बसवा. बोटाला टोचणारे कण किंवा काप निघाले तर मात्र तेल बदलून काही होणार नाही.

एका वेळी सगळं तेल निघत नाही, हे नीट समजून घ्या. माझ्या गाडीत एकूण साधारण 10 लिटर मावतं, पहिल्या वेळी निघालं 3.6. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. जितकं निघालं तितकं भरलं की जुनं 64 टक्के उरतं. थोडे दिवस गाडी चालवून दुसऱ्यांदा केलं की 41, तिसऱ्यांदा 26. मी तीन वेळा करतो, पंधरा-पंधरा दिवसांनी. यंत्र लावून दाबाने सगळं तेल एकदम पालटण्यापेक्षा मला ही सावकाश रीत बरी वाटते, दर खेपेला निघालेल्या तेलाचा रंग बघायला मिळतो.

शेवटचं काम सर्वात नाजूक. पातळी ठरावीक तापमानालाच बघायची असते, आमच्या गाडीला 35 ते 45 अंशांच्या मध्ये. तेल तापलं की फुगतं. जास्त गरम असताना बघितलं तर जास्तीचं वाहून जातं आणि गार झाल्यावर पातळी कमी भरते. शहरातल्या त्या गॅरेजमध्ये गाडी गरमच होती, आणि तेलही अंदाजाने भरलं. इथे मे महिन्यात दुपारी सावलीत उभ्या गाडीचं तेलसुद्धा 34-35 असतं. इंजिन चालू केलं की बघता बघता 45 ओलांडून जातं, आणि मग गार होण्याची वाट बघत दुपार जाते. म्हणून हे काम पहाटे. साडेपाचला तेल 25-26 असतं, हातात भरपूर वेळ मिळतो.

बायको आत बसते, पाय ब्रेकवर, हातात फोन. गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावलेला ओबीडी ॲडॉप्टर तेलाचं तापमान फोनवर दाखवतो. चाकांना उट्या, हॅण्डब्रेक, आणि गाडी उघड्यावरच, बंद शेडमध्ये चालू इंजिनाखाली झोपायचं नाही. ती प्रत्येक गिअरमध्ये थोडा थोडा वेळ थांबत पी (पार्क) ते डी (ड्राइव्ह) आणि परत पीवर येते. मग आकडे वाचत जाते: तेहेतीस, चौतीस. अडतीसला मी ओव्हरफ्लो प्लग काढतो. आधी करंगळीएवढी लाल धार पडते. चाळीसला ती सुतासारखी बारीक होते. मग तुटते आणि थेंब, थेंब, मध्ये श्वासाएवढं अंतर. तिथे नवं वॉशर घालून प्लग बंद करायचा, टॉर्क पान्याने (किती जोर लावला ते मोजणाऱ्या), पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. प्लग काढल्यावर काहीच आलं नाही तर वरून आणखी भरायचं, येईपर्यंत.

तिसऱ्या बदलानंतर साठच्या वेगाला बारीक थरथर यायची ती गेली. ती कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचची (दोन्ही पंखे एकत्र जखडणाऱ्या) होती, थकलेल्या तेलामुळे त्याला नीट धरता येत नव्हतं.

जुनं तेल आमच्याकडे वाशांना आणि कुंपणाच्या खांबांना फासतात, वाळवी लागू नये म्हणून. कृपा करून फासू नका. जांभा दगड पाणी झिरपू देतो तसं तेलही झिरपू देतो, आणि खाली विहीर असते, आपलीच नाही तर शेजाऱ्याची. 2016च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. मी रिकाम्या डब्यांत भरून ठेवतो आणि ऑइल गोळा करणारी गाडी जिथे येते त्या सर्व्हिस सेंटरला देतो.

मोहोर दिसायला लागला की घाटाच्या फेऱ्या जवळ आल्या म्हणून समजा. तुमची गाडी 60,000च्या पुढे गेली असेल तर आज फक्त एवढं करा: खाली वाकून भरायचा प्लग शोधा, ब्रशने घासा आणि रात्रभर भिजवा. सकाळी नाही हलला तर मला हाक मारा, गोटी पाना घेऊन येतो.