आमच्या मंडळाचा चित्रांचा रविवार

सुगी संपली, भात मळून घरात आलं की आमच्या बेळगाव भागात मराठी साहित्य संमेलनांचे दिवस सुरू होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी, ज्या त्या गावात ग्रंथदिंडी, लेझीम, मोठे पाहुणे, परिसंवाद, आणि ते सगळं आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून चालवलंय, त्याचा अभिमान आहेच. त्याच दिवसांत एका रविवारी आमच्या मंडळाचा पण कार्यक्रम असतो. पेपरात त्याची बातमी आली तर दोन ओळींची येते, नाहीतर येत पण नाही. पण बालवाडीपासून चौथीपर्यंतची पोरं, त्यांनी काढलेली चित्रं आणि चित्रांची पुस्तकं, एवढ्याच विषयावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणारा दुसरा कार्यक्रम आमच्या पंचक्रोशीत मला तरी माहीत नाही. मंडळाचा हिशेब माझ्याकडं असतो त्यामुळं सुरुवातीपासूनचं सगळं बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सकाळचं नेहमीचंच. ईशस्तवन, स्वागतगीत, फोटोला हार, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ. फक्त उद्घाटन आमचं वेगळं असतं. मराठी शाळेच्या हॉलमध्ये भिंतीला लांबच्या लांब पांढरा कागद लावलेला असतो, पाहुण्यांनी त्यावर तेलखडूनं एक रेघ मारायची, कसली पण, आणि मग बालवाडीच्या पोरांनी त्या रेघेचं काय करायचं ते करायचं. पंचायतीतले, सोसायटीतले, पेन्शनर साहेब, सगळे रेघ मारताना बावचळतात. इतकी वर्षं बघतोय, ज्याचा हात चेकवर सही करताना हलत नाही त्याचा त्या कागदापुढं हलतो. आणि पोरं मात्र क्षणात तुटून पडतात, एका वर्षी एका साहेबांनी आडवी सरळ रेघ मारली होती तिची पोरांनी पंधरा मिनिटांत खानापूरची रेल्वे केली, खिडकीत माणसं, टपावर कावळे, शेवटच्या डब्यात शेरडं. ते साहेब त्या कागदाबरोबर फोटो काढून घेऊन गेले आणि दरवर्षी न बोलावता येतात.

चित्रं आम्ही सुतळीला कपड्याच्या चिमट्यांनी लावतो, आणि सुतळी पोरांच्या उंचीवर बांधतो. मोठ्यांनी वाकून बघायचं. यावर पहिल्या वर्षी बरीच कुरकुर झाली होती पण चित्रकलेच्या बाईंनी ऐकलं नाही. बाई रिटायर झाल्यात, शेकडो पोरांना त्यांनी चित्रकलेच्या लोअर-हायरच्या परीक्षांना बसवलंय, बेळगावात चित्रकला म्हटली की अजून त्यांचं नाव निघतं, पण त्यांना छापलेलं आवडत नाही म्हणून इथं नुसतं बाई म्हणतो. नंबर काढायचे नाहीत हे पण बाईंनीच ठरवलं. आधी आम्ही पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ असं सगळं काढायचो, विषय ‘माझं गाव’, आणि शंभर कागदांवर एकच चित्र यायचं, दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात चार पक्षी. आता आमच्यापुढं राजहंसगड उभा आहे, त्याचा माथा सपाट, कुठला पोरगा त्याला त्रिकोणी बघतो? पण नंबर पाहिजे असला की पोरं शेजारच्याच्या कागदात बघून काढतात. नंबर बंद केले आणि दोन वर्षांत चित्रं बदलली. सांबऱ्याच्या विमानतळावरून उडणारं विमान आलं, सैन्याच्या मराठा सेंटरचे धावणारे जवान आले, उसाची ट्रॉली, कुस्तीचं मैदान, चिखलात वाकून भात लावणाऱ्या बायका, गॅसची गाडी, आणि एकानं तर नुसतं आज्जीचं चष्म्याचं घर काढलं होतं कागदभर.

दुपारी जेवणाआधी बाई पालकांशी दहा मिनिटं बोलतात. दरवर्षी जवळजवळ तेच बोलतात आणि मी दरवर्षी पुढं बसून ऐकतो. चार वर्षांचं पोर माणूस काढतं तेव्हा एक मोठा गोळा काढतं आणि त्या गोळ्यालाच खाली दोन पाय लावतं, धड नसतंच. आया घाबरतात, हात धरून दुरुस्त करायला जातात. बाई सांगतात की अहो जगातल्या सगळ्या देशातली पोरं आधी असाच माणूस काढतात, करू दे त्याला. मग जरा मोठं झालं की खाली जमिनीची रेघ येते आणि सगळं त्या रेघेवर उभं राहतं, वर आकाशाची निळी पट्टी, मधे कोरं. मग घराची भिंत असून पण आतला पंखा, गादी, झोपलेला बाबा दिसतो, कारण पोराला ते आत आहे हे माहीत असतं आणि जे माहीत आहे ते तो काढतो. हे सांगताना बाई सुतळीवरचीच चित्रं एकेक काढून दाखवतात, त्यामुळं ते भाषण पुस्तकी वाटतच नाही. आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘‘हे काय काढलंस असं विचारू नका, सांग बघू म्हणा.’’

त्या ‘सांग बघू’ वरच आमच्या दुपारचा कार्यक्रम उभा आहे. प्रत्येक पोरानं आपलं चित्र घेऊन माईकपुढं यायचं आणि चित्रात काय चाललंय ते सांगायचं. पाठ केलेलं चालत नाही. शिक्षकांनी लिहून दिलेलं असलं तर लगेच कळतं, पोर कागदाकडं बघायचं सोडून आईकडं बघतं.

एक सांगतोच. दुसरीतली मुलगी, आमच्या खालच्या गल्लीतली, दोन वेण्या, हातात चित्र उलटं धरलेलं ते कुणीतरी सरळ करून दिलं. चित्रात म्हैस, जांभळी, कारण पेटीतला काळा खडू संपला होता. म्हशीच्या पोटात, अगदी मधोमध, एक बारकं रेडकू चार पायांवर उभं, डोळे उघडे, आणि त्याच्या गळ्यात घंटी. ती माईकच्या लई जवळ तोंड नेऊन म्हणाली, ‘‘ही आमची म्हस. हिच्या पोटात रेडकू हाय. अजून यायचंय. मी आधीच बघून ठेवलो.’’ आमच्याकडं पोरी असंच बोलतात, मी केलो, मी गेलो. बाईंनी विचारलं, घंटी कशाला गं बांधलीस आताच? तर म्हणाली, ‘‘बाहेर आल्यावर हरवायला नको की.’’ हॉलमध्ये मागं तिचा आज्जा उभा होता, सकाळी धारा काढून आलेला, तो तिथूनच ओरडला, ‘‘रेडकू नको, रेडी पाहिजे म्हणून सांग!’’ सगळा हॉल हसला, आणि तिनं तिथंच माईकपुढं बसून खडूनं रेडकाच्या कानाला लाल रिबन काढली. मला असलं काही बघितलं की बोलायला येत नाही. वक्तृत्व स्पर्धा मी पुष्कळ ऐकल्यात, परीक्षक पण झालोय, पण त्या पोरीसारखं स्वतःचं म्हणून बोलणारं तिथं फार थोडं भेटलं.

चार वाजता पुस्तकं. मंडळाची लोखंडी पेटी आहे, त्यात नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली, प्रथम बुक्सची, ज्योत्स्ना प्रकाशनाची अशी चित्रांची पुस्तकं वर्षावर्षाला थोडी थोडी घालत गेलो. पातळ, स्वस्त, पण चित्रं अशी की मोठ्यांनी पण थांबावं. प्रथमची पुस्तकं मराठीत मिळतात तशीच कन्नडमध्ये पण मिळतात, चित्रं तीच. त्यामुळं शेजारच्या कन्नड शाळेच्या टीचर त्यांचं पुस्तक घेऊन येतात, आमच्या अंगणवाडीच्या अक्का मराठी घेऊन बसतात आणि पानाला पान लावून वाचतात, आधी एक, मग दुसऱ्या. पोरं दोन्ही शाळांची मिसळून बसलेली. बाहेर बोर्डावरच्या मराठी-कन्नड अक्षरांवरून आमच्या भागात काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, ते मी इथं काढत नाही. त्या चटईवर मात्र एका पोरानं ‘बेक्कु’ म्हणून ओरडायचं आणि दुसऱ्यानं ‘मांजर, मांजर’ आणि दोघांचं बोट एकाच मांजरावर, हे दरवर्षी होतं.

अक्कांची वाचायची एक पद्धत आहे. आधी पान पोरांकडं फिरवून धरतात आणि गप्प बसतात. काही वाचत नाहीत. पोरं चित्र बघतात, कुजबुजतात, कोपऱ्यात बारकी मुंगी लपलेली असते ती शोधतात (मोठ्यांना ती कधीच दिसत नाही), आणि मग अक्का खालच्या दोन ओळी वाचतात. पान उलटायच्या आधी परत थांबतात, ‘‘आता काय हुईल?’’ तिथं जो गोंधळ होतो तो ऐकायला मी चहाचा हिशेब टाकून येतो. एका वर्षी अक्का आजारी होत्या तर एका पोराच्या आज्जीला बसवलं, त्यांना अक्षरओळख नाही, त्यांनी नुसती चित्रं बघून गोष्ट सांगितली, छापलेल्या गोष्टीपेक्षा दुप्पट लांब, त्यात दोन ओव्या पण आल्या, आणि पुस्तकातल्या राजाला त्यांनी सरळ गावचा पाटील केला. तेव्हापासून आज्जींची एक गोष्ट फिक्स.

मोठ्या पोरांना, म्हणजे चौथीच्या, आम्ही कार्यक्रमाच्या आधी एकदा टिळकवाडीला वरेरकर नाट्य संघाच्या के. बी. कुलकर्णी कलादालनात नेतो. के. बी. म्हणजे बेळगावचे चित्रकार, त्यांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार कुठल्या कुठं गेले. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, 1935 साली बेळगावातच जन्मलेले, 2022 मध्ये गेले. हे पोरांना सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ते पण आमच्याच बसनं यायचे काय? मला हा प्रश्न लई आवडतो. चित्रकार म्हणजे पुण्या-मुंबईचा माणूस असं जे डोक्यात असतं ते तिथल्या तिथं जातं.

आता एक मनात आहे ते बोलतो. बाप लोक येत नाहीत. हाफ पिच क्रिकेटला रात्री बारापर्यंत थंडीत उभे राहतील, पण पोरगं चित्र सांगणार म्हटलं की ‘‘मिसेस येतील’’. आया येतात, आज्ज्या येतात, त्यातल्या काही आपल्या पोराचं झालं की लगेच उठतात, आणि शेवटच्या दहा पोरांपुढं रिकाम्या खुर्च्या. त्या शेवटच्या पोराला पण बोलायचं असतं हो. म्हणून दोन वर्षं झाली, क्रम चिठ्ठ्या टाकून काढतो आणि आधी सांगत नाही. आणि बॅनरवर ज्यांची नावं मोठ्या अक्षरात असतात त्या आमच्या मंडळाच्या काही पदाधिकाऱ्यांना पण सांगायचंय की बाबांनो, फोटोपुरतं येऊ नका, चार वाजेपर्यंत तरी थांबा. एका ठिकाणाहून खुर्च्या देतो म्हणून शब्द दिला आणि आदल्या रात्री नाही म्हणाले, ते पण अजून लक्षात आहे, नाव घेत नाही.

उलट जे उभे राहिले ते कधी विसरलो नाही. त्या रात्री आपल्या लग्नाच्या ऑर्डरीतल्या खुर्च्या वापरा म्हणून देणारे मंडपवाले अण्णा. कार्टरिज पेपरचे रिम दरवर्षी खरेदीच्या भावात देणारे गणपत गल्लीतले दुकानदार, तेलखडूंच्या पेट्या गुपचूप ठेवून जाणारे, सैन्यातून सुट्टीवर आलेले आमचेच दोघं जवान. उप्पीट आणि शिरा करणाऱ्या महिला मंडळाच्या सगळ्याजणी, आणि त्यांच्यात भांडी घासायला शेवटपर्यंत राहणाऱ्या मावशी, ज्यांचं नाव आभारात कधी येत नाही म्हणून इथं आधी लिहितोय. माईकवाला पोरगा, जो माईक पोरांच्या उंचीला खाली-वर करत दिवसभर गुडघ्यावर बसतो. शाळेचे हेडमास्तर, रविवारी किल्ली घेऊन येणारे शिपाई मामा, कन्नड शाळेच्या टीचर आणि त्यांना गाडीवरून आणून सोडणारे त्यांचे मिस्टर. सुतळी बांधणारी कॉलेजची मुलं. चिमटे देणाऱ्या शेजारच्या वहिनी, त्यांचे बारा चिमटे कमी पडले होते ते भरून दिलेत. फाटलेल्या पुस्तकांना टाके घालून देणारे बायंडर काका. पाणी पाजणारी सातवीची पोरं. आणि पहिल्या वर्षी कुणी वर्गणी देत नव्हतं तेव्हा दुधाच्या बिलातले पैसे काढून देणारा तोच तो खालच्या गल्लीतला आज्जा.

त्यांच्या म्हशीला शेवटी रेडीच झाली. पुढच्या वर्षी त्या मुलीनं तिचं चित्र आणलं, या वेळी म्हैस काळी होती.

या वर्षीच्या कार्यक्रमाआधी पेटीत पुस्तकं वाढवायची आहेत, बालवाडीची निम्मी पुस्तकं हाताळून हाताळून गेलीत. कुणाच्या घरी पोरं मोठी झाली असतील आणि चित्रांची पुस्तकं माळ्यावर पडली असतील तर मराठी, कन्नड कसली पण चालतील, पानं सुटलेली असली तरी द्या, बायंडर काका आहेत. फक्त पानं सगळी असू देत.